तळ्यावर ओतलेला भात

"लच्चव्वा, पाव्हणे निघालेत. भात तळ्याकडं नेऊन ओत," लग्नाचा हॉल चालवणारा यादगिरी म्हणाला.

ऊन मी म्हणत होतं. दोन टोप भात न शिवता उरला होता. मी म्हणलं, "अन्ना, गावात वाटू की."

"उष्टं वाटतात म्हणून नाव जाईल हॉलचं. उचल."

मी उचलला. सिद्दिपेटच्या रस्त्याला हा हॉल झाल्यापासून आमचं तळं नासलं होतं. काठाला जुना भात काळा पडलेला, पाण्यावर तवंग, मासे पोट वर करून तरंगायचे. त्यातच मी आणखी ओतला आणि पदर नाकाला लावून माघारी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या कोमुरव्वानं हाक मारली. तिला ना नवरा, ना पोर. एक म्हैस होती, बंगारी. सात महिन्यांची गाभण.

"लच्चक्का, बघ गं. काल दुपारी दावं तोडून तळ्यावर गेली हुती. आता रवंथ करीना."

बंगारी आडवी पडली होती. पोट तट्ट फुगलेलं. गुरांचा डॉक्टर आला, नळी घातली, सुई दिली.

"काय खाल्लंय हिनं?"

"कडबाच तर घातलाय, सायेब."

तिच्या नाकपुडीशी वाळलेली शितं चिकटली होती. मला ती दिसली.

"भात खाल्लाय," मी म्हणाले. "तळ्यावरचा."

डॉक्टरनं मान खाली घातली. "एवढा भात पोटात आंबतो, मावशी. उशीर झाला."

कोमुरव्वानं माझ्याकडं बघितलं. "कुणी ओतला?"

"मी."

ती बंगारीकडं वळली. दुपारी बंगारीनं मान टाकली. कोमुरव्वा तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती.

"आतलं अजून हलतंय," ती म्हणाली.

"ते जगायचं नाही, मावशी," डॉक्टर म्हणाला. थोड्या वेळानं तिनं हात काढून घेतला.

खड्डा खणायला मीही गेले. माती वाळून दगड झालेली, कुदळ उडत होती. कोमुरव्वानं मला ये म्हणलं नाही, जा म्हणलं नाही. माझ्याशी बोलणंच सोडलं.

पुढच्या लग्नाला मी तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसले.

"ऊठ, आधण आलंय," यादगिरी म्हणाला.

"एक पोतं कमी घाला, अन्ना. दर खेपेला उरलेलं मीच उचलते, म्हणून किती लागतं ते मला ठावं हाय."

"कमी पडलं तर यजमानाचं नाक कापलं जाईल."

"पडणार नाही. आणि उरलं तर गावात वाटायचं. तळ्यावर ओतायचं असंल तर दुसरी बाई बघा."

मागं भांडी घासणाऱ्या तिघी होत्या. त्यांनीही हातातली भांडी खाली ठेवली. यादगिरी वर्‍हाडाकडं बघत राहिला, मग आचाऱ्याला म्हणाला, "राहू दे ते पोतं."

पंगती उठल्या, कुणी उपाशी गेलं नाही. अर्धा टोप उरला, तो आम्ही घरोघर दिला. शेवटचं ताट घेऊन मी कोमुरव्वाच्या दारात उभी राहिले. गोठ्यात दावं तसंच पडलं होतं.

"कमी शिजवला आज," मी म्हणाले. "तळ्यावर शीतभरही नेला नाही."

कितीतरी वेळ तिनं ताटाला हात लावला नाही. मग ओढून घेतलं, उंबऱ्यात बसली आणि एक घास खाल्ला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

अकरा दिवसांनी माझ्याशी बोलली. मी मीठ आणायला तिच्या घरात गेले आणि मिठाच्या मडक्याशीच बसून रडले.