खुंटीवरचा नान

कोकंद शहरातल्या एका गल्लीतल्या त्या घरात भिंतीला एक खुंटी आहे आणि खुंटीवर फडक्यात बांधलेला एक नान. घरातून कुणी लांब निघालं की त्याने नानचा एक घास तोडायचा आणि उरलेला घरच्यांनी टांगून ठेवायचा. माणूस परत येतो तो आपला नान संपवायला. घरातला धाकटा मुलगा अब्रोर दूर परदेशात, कझानला ट्रक चालवायला गेला त्याला नऊ वर्षं झाली. त्याचा नान आता दगडासारखा झालाय, पण तो खाली काढायची कुणाची छाती नाही.

त्या दिवशी सकाळी त्याच्या बहिणीने, मुहय्योने ताजा नान भाजून आईपुढे धरला. आईने तो हाताने बाजूला सारला.

"नुसतं बघायलाच चाललोय ना? मग घास कसला?"

मुहय्योने नान पिशवीत टाकला. आईची पिशवीही आज जरा फुगलेली होती, पण तिने विचारलं नाही.

आई वर्षभरात दोनदा पडली होती. दुसऱ्यांदा अंगणात भट्टीपाशी पडली ती सकाळपासून दुपारच्या अजानेपर्यंत तशीच. मुहय्योच्या घरी दोन खोल्या, त्यातल्या एकीत अंथरुणाला खिळलेली सासू. अब्रोरची बायकोही कझानलाच. शेवटी वृद्धांच्या घराचा विषय आईनेच काढला, आणि गल्लीला तो लगेच कळला. आईला परक्याच्या दारात टाकणारी लेक, असं बायका नळावर बोलू लागल्या. मुहय्योला लोकांच्या बोलण्याची लाज होतीच, पण त्याहून मोठी धास्ती होती. तिथेही आई अशीच पडून राहिली आणि कुणी पाहिलंच नाही, तर?

पहिलं घर हमरस्त्यावर, नुकतं रंगवलेलं. ते चालवणारी कामोला छातीवर हात ठेवून फाटकापर्यंत सामोरी आली. आईला तिने दारापासून सगळ्यात लांबच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीला दोन उशा दिल्या. बदाम, बेदाणे, हलवा, दोन तऱ्हेचे मुरंबे आणि वर वाफाळता पुलाव. चार बायका वाढायला. मुहय्योचा जीव भांड्यात पडला. पाहुण्याची अशी कदर करणारं घर म्हाताऱ्यांना का उपाशी ठेवील?

"मावशी, इथले सगळे माझे आईबापच," कामोला म्हणाली.

"किती आईबाप आहेत तुला?"

"एकतीस."

"आणि हात किती?"

कामोला हसली. "अल्लाच्या कृपेने पुरतात."

आईने संडासला जायचं म्हटलं. मुहय्यो तिला धरून निघाली, तर म्हातारी मुद्दाम चुकीच्या दारात शिरली. आत आठ खाटा, आठ बायका, आणि एकीचाही आवाज नाही. चादरींवर घड्या अजून तशाच, म्हणजे सकाळीच कपाटातून काढलेल्या. आईने एकीचं पांघरूण उचललं आणि तिच्या लाल टाचेवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी लाली हलली नाही, कूस न बदलता पडून राहिल्याची ती खूण. पाण्याचा वाडगा खिडकीत, खाटेवरून हात पोचणार नाही असा, पाण्यावर धुळीची साय. घंटीची दोरी उंच खिळ्याला गुंडाळलेली. मागच्या दारापुढे कपाट सरकवून ते बंद केलेलं. आईने परत येऊन ताटातल्या नानचा तुकडा मोडला, दुआ म्हटली आणि उठली.

"किती मायेने केलं, नाही?" टॅक्सीत मुहय्यो म्हणाली.

"केलं खरं," एवढंच आई म्हणाली.

दुसरं घर कापसाच्या गिरणीमागे. फाटकावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दारात एक बाई चमचा हातात घेऊन दिसली. उमिदा तिचं नाव.

"बाकावर बसा मावशी, आत एकीच्या तोंडात घास आहे."

आणि गेली. बसल्या दोघी. अर्धा तास गेला, वर दहा मिनिटं गेली. चहाचं नाव नाही. मुहय्योच्या कपाळाची शीर उडायला लागली. आतून एक म्हातारी कडाडली, "उमिदा, हा चहा की ओढ्याचं पाणी? आईने हेच शिकवलं तुला?"

"आजी, माझ्या आईला मधे आणू नका. आणते गरम करून."

आई हसली. किती महिन्यांनी हसली. मग काठी टेकत एकेका खाटेपाशी गेली. अंगठा, टाच, दाबल्यावर पांढरी, सोडल्यावर पुन्हा गुलाबी. घंटीची दोरी खाटेच्या दांड्याला, हाताशी येईल अशी बांधलेली. मागचं दार सताड उघडं, उंबरा काढून टाकलेला. परत बाकावर आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"चल आई," मुहय्यो म्हणाली. "दारात आलेल्याला घोटभर चहा न देणारं घर हे. लोक शेण घालतील माझ्या तोंडात. तिथे कसं केलं त्यांनी."

"तिथे चार बायका तुला वाढायला उभ्या होत्या, मुली. आत आठ जणींपाशी किती होत्या?"

मुहय्यो पुन्हा बाकावर टेकली.

"चाळीस वर्षं मी इस्पितळात आयाबाई होते. साहेब तपासायला यायचे ना, तेव्हा आम्ही असाच पुलाव करायचो. सगळ्याजणी चुलीपाशी. एकदा वॉर्डातली एक बाई पाणी मागत होती. मला ऐकू येत होतं. म्हटलं, साहेबांचं ताट झालं की जाते." आईने काठी मांडीवर आडवी घेतली. "गेले तेव्हा ती नव्हती. साहेबांनी आम्हाला शाबासकी दिली त्या दिवशी."

मुहय्योला रडू आलं, त्या परक्या बाईसाठी, आईसाठी आणि स्वतःसाठीही, कारण तो पुलाव अजून तिच्या पोटात होता.

आईने आपली पिशवी उघडली. आत झोपायचा झगा, कंगवा, नमाजाची चटई. ती सकाळीच ठरवून आली होती, घर पटलं तर परत जायचं नाही म्हणून. उमिदा एकदाची हात पुसत आली. उघडी पिशवी बघून, आठ दिवस राहून बघा, कागद मग करू, म्हणाली.

मुहय्योने पिशवीतून नान काढला. कडा अजून मऊ होत्या. तिने तो आईपुढे धरला.

"आता तरी घास तोड, आई. मी घरी टांगून ठेवते."

आईने नान घेतला, मांडीवर ठेवला, कडेवरून हात फिरवला आणि उलट तिच्याचपुढे धरला.

"निघालीयेस तू. मी तर घरीच आहे. तू तोड."

मुहय्योने घास तोडला. आईने उरलेला नान डोक्यावरच्या रुमालात बांधला आणि उमिदाला म्हणाली, "पोरी, खाटेपाशी एक खिळा ठोकून दे."

मग लेकीकडे वळून म्हणाली, "लवकर ये. फार वाळू देऊ नकोस."