एव्हरेटच्या बुटाची नाडी

कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट स्टीफन गावातल्या कर्लिंग क्लबचं चेकबुक बावीस वर्षं लॉर्ना क्रँडलमायरच्या पर्समध्ये होतं. बर्फावर दगड सरकवायच्या त्या खेळाला तिचे गुडघे आता तयार नसत, पण क्लबचं वीजबिल असो की दगडापुढचा बर्फ घासायचे नवे झाडू, तिच्या सहीशिवाय पान हलत नसे. त्या सहीवर तिचा फार जीव होता.

घोडं अडलं नेमकं तिथेच. लॉर्ना जन्मली नदीपलीकडे, अमेरिकेत. म्हणजे काय, तर त्या काळी नदीच्या अलीकडच्या बायका बाळंतपणाला पूल ओलांडून कॅलिसच्या इस्पितळात जायच्या आणि चौथ्या दिवशी बाळ घेऊन कॅनडात घरी यायच्या. त्या चार दिवसांच्या पाहुणचाराची आठवण अमेरिकेला बाईंच्या सदुसष्टाव्या वर्षी झाली.

"कर एक सेंटही लागणार नाही," कर-सल्लागार म्हणाला. "पण जन्माने तुम्ही त्यांच्या नागरिक. दरवर्षी विवरणपत्र भरायचं, आणि तुमची सही जिथे जिथे चालते ती सगळी खाती त्यांना कळवायची. क्लबचंसुद्धा."

तिने कमिटीत हे सरळ सांगून टाकलं, आणि अध्यक्ष एव्हरेट गाँसच्या हाती आयतं कोलीत मिळालं. एव्हरेट तिचा शाळेपासूनचा सोबती, आणि गावातला सर्वांत कडवा कॅनडावाला. पूल तो तत्त्व म्हणून ओलांडत नसे. कॅलिसचा संघ खेळायला आला की दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होत. त्यांचं सुरू झालं की एव्हरेट वाकून बुटाची नाडी बांधायला घ्यायचा.

"म्हणजे क्लबसाठी विकलेल्या आमच्या ॲपल पायचा हिशोब वॉशिंग्टनला जाणार म्हण की," तो म्हणाला. "लॉर्ना, तू तर हेर निघालीस."

"हेर असते तर तुमच्याकडे बावीस वर्षं फुकट राबले असते होय रे?"

सगळे हसले, पण ठराव झालाच. सही नदीच्या अलीकडे, कॅनडात जन्मलेल्या माणसाची हवी. मग असा माणूस शोधू लागले, तर कमिटीतला ग्लेन पलीकडचा, विनिफ्रेड पलीकडची, तिचा भाऊही पलीकडचाच.

"मी आहे ना," एव्हरेटने छाती पुढे काढली. "आईच्या स्वयंपाकघरात जन्मलोय, चुलीशेजारी."

लॉर्नाने चेकबुक त्याच्यापुढे सरकवलं. घरी जाताना ती गाडीत थोडी रडली. चेकबुक गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्याच गावात आपण परक्या ठरलो, हे जास्त लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच एव्हरेट दारात उभा. कॉफीलाही नको म्हणाला.

"बँकेने जन्माचा दाखला मागितला," तो म्हणाला. "कागदपत्रं सगळी मार्जोरी बघायची, तुला माहीतच आहे."

मार्जोरी त्याची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याने टेबलावर एक लिफाफा ठेवला. वर मार्जोरीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'एव्हरेटला दाखवू नये.' आत कॅलिसच्या इस्पितळाचा दाखला होता.

लॉर्नाने ओठ दाबून हसू आवरलं. "आणि चूल?"

"आई सांगायची तसं." त्याने दाखला पुन्हा उलटून पाहिला. "एकाहत्तर वर्षं झाली गं. मग मी आहे तरी कोण?"

तिचं हसू विरलं. गेले तीन दिवस ती स्वतःला हेच विचारत होती.

"गाँसांचा एव्हरेट. अजूनही वाकडाच दगड टाकतोस. बस इथे." तिने ड्रॉवरमधून अमेरिकेच्या विवरणपत्राचा कोरा फॉर्म काढला. "नाव लिही. आणि चेकबुक?"

त्याने ते खिशातून काढून दिलं. "कमिटीला काय सांगू?"

"सांग, मला बेरीज जमत नाही म्हणून. लगेच पटेल त्यांना."

"आणि ॲपल पायचा हिशोब?"

"जाऊ दे वॉशिंग्टनला. किती विकले ते कळेल, कृती थोडीच कळणार आहे?"

शनिवारी कॅलिसचा संघ आला. त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि कमिटी बघतच राहिली. एव्हरेट ताठ उभा होता, टोपी छातीशी धरून. लाल चेहऱ्याने त्याने हळूच शेजारी पाहिलं.

लॉर्ना दुखऱ्या गुडघ्यांनिशी खाली वाकून, सावकाश, बुटाची नाडी बांधत होती.