मागच्या काचेवरचं नाव

आमच्या दारात गाडी येण्याआधी ती ललितच्या बायोडाटात आली. ललित माझा मोठा भाऊ. वय सत्तावीस, उंची पाच फूट सात इंच (मोजपट्टी लावली तर पाच), नोकरी सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: स्वतःची चारचाकी. पन्नास प्रती छापून झाल्या होत्या. त्यांतली एक कामरेजला रघुनाथअण्णांच्या घरी पोहोचली होती आणि त्यांची मुलगी स्वाती बघायला या, असा निरोपही आला होता.

मायने तर उधन्याच्या रेडियमवाल्याकडून लाल रंगात 'ललित' कापून आणलं होतं. मागच्या काचेसाठी. एकेक अक्षर आठ इंची. काच अजून अस्तित्वात नव्हती, म्हणून ते फ्रिजवर गुंडाळून ठेवलं होतं.

गाडी मला हवी होती, आणि पैसेही माझे होते. सचिन गावातल्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये तीन वर्षं कापडाच्या छटा तपासल्यावर मला इच्छापोरच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. कारखान्यांमधून सांडपाण्याचे नमुने घ्यायचे, बर्फाच्या पेटीत ठेवायचे आणि ठरलेल्या वेळेत आणून द्यायचे. डिंडोलीच्या आमच्या घरून हे बसने करायचं तर नमुना पोहोचेपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी झालेलं असतं. म्हणून नेमणुकीच्या पत्रात अट होती: कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावावरची चारचाकी, चालकाचा परवाना आणि चालू विमा. एक तारखेला तिन्ही कागद टेबलावर. नाहीतर यादीतल्या दुसऱ्या नंबरला फोन जाणार.

हे पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. वडील, म्हणजे आबा, तीस वर्षं कापडाच्या लूमवर आहेत. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, उजव्याने सोयीपुरतं येतं.

"कर्मचाऱ्याच्या नावावर म्हणजे घरच्या नावावर," ललित म्हणाला. "कंपनीवाले असंच लिहितात."

"कुठे असंच लिहितात?"

"सगळीकडे."

"धनू," माय म्हणाली, "उद्या तू सासरी जाशी. गाडी बी जाई. मना पोऱ्या काय बसमा फिरी का?"

"तो आत्ताही बसनेच फिरतो."

"म्हणून तर म्हणतेय," माय आपली बोली सोडून मराठीत आली. भांडण गंभीर झालं की ती मराठीत येते.

तीन आठवडे हातात होते. मी एक तक्ता केला. किंमत, वय, चाललेले किलोमीटर, एका किलो सीएनजीत किती जाते, विम्याचा हप्ता, सुट्टे भाग डिंडोलीत मिळतात का. ललितने माझ्या मागून वाकून बघितलं आणि म्हणाला, "यात सनरूफचा रकाना नाही."

"सुरतेत सनरूफ कशाला? ऊन कमी पडतं का तुला?"

"फोटोत चांगलं दिसतं. डोकं बाहेर काढून."

आबांना सात माणसांची गाडी हवी होती. कारण धुळ्याला लग्नं असतात. मी विचारलं, वर्षातून किती. ते म्हणाले, सहा. म्हणजे तीनशे एकोणसाठ दिवस मी एकटी सात खुर्च्या घेऊन सांडपाणी आणायला जाणार. हे मी बोलले नाही. तक्त्यात लिहिलं.

पहिल्या रविवारी मी, ललित आणि आबा पर्वत पाटियाजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. मालक भूपतभाई. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं, ललितला ओळखलं आणि त्याला थेट एका निळ्या, लांबलचक, सनरूफवाल्या गाडीपाशी नेलं. ललित आत बसला. स्टिअरिंगवर हात ठेवून त्याने आरशात स्वतःला बघितलं. रस्ता बघायचा आरसा असतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसावं.

"पावणेतीन लाखात ही?" मी विचारलं. "एवढी स्वस्त का?"

"बेन, तमारा माटे," भूपतभाई म्हणाले. तुमच्यासाठी. आणि वर पन्नास टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, गाडीबरोबर फुकट.

मी मागच्या सीटचा पट्टा हातात घेतला आणि शेवटपर्यंत ओढला. एरवी कोणी तो शेवटपर्यंत ओढत नाही. शेवटच्या वीतभर भागावर करड्या-तपकिरी गाळाची सरळ रेघ होती. दुसरा पट्टा ओढला. तीच रेघ, तीच उंची. पुढचे दोन्हीही तसेच.

"ए तो चा ढोळाई गई हशे," भूपतभाई म्हणाले.

"चहा?"

"हा, छोकराओए ढोळी हशे."

चारही सीटवर बसून, पट्टे पूर्ण बाहेर ओढून, एकाच उंचीवर चहा सांडणारी मुलं. मी नखाने थोडा गाळ खरवडून बोटांत चोळला. बारीक, रेतीचा. त्या भागात खाडीचं पाणी दर पावसाळ्यात कुठपर्यंत चढतं ते सगळ्यांना माहीत आहे.

"भाऊ, उतर. ही गाडी पोहून आलीये."

"पण सनरूफ..."

"त्यातूनच बाहेर निघाली असेल."

दुसरी गाडी लाल होती. तिला सीएनजीचं किट बाहेरून बसवलेलं आणि आरसी बुकात त्याची नोंद नव्हती. ललित म्हणाला, "कोण बघतं?" मी म्हणाले, "जळाल्यावर विमावाले बघतात." भूपतभाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि ललितला चहा मागवला.

तिसरी गाडी शेडच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. पांढरी, छोटी, सात वर्षांची, तीन लाखांची, सीएनजी कंपनीतूनच बसवून आलेला आणि आरसीवर नोंदवलेला. पट्टे शेवटपर्यंत स्वच्छ. पुढच्या बंपरवर एक ओरखडा, तो लपवायचा कोणी प्रयत्न केलेला नाही. माझ्या तक्त्यात तिला सगळ्यात जास्त गुण पडले.

"ही दुधाची गाडी आहे," ललित म्हणाला.

आबा इतका वेळ आमच्या मागे उभे होते. ते पुढे आले, भूपतभाईंना इंजिन चालू करायला लावलं आणि बॉनेटवर पंजा ठेवून डोळे मिटले. ज्या माणसाला जेवायला चला असं तीनदा ओरडून सांगावं लागतं, तो शंभर लूमच्या गदारोळात कोणता लूम बिघडणार आहे ते तळहाताने सांगतो. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, त्यांना यासाठीच ठेवलंय. दोन मिनिटं ते तसेच उभे राहिले. बघणाऱ्याला वाटलं असतं, गाडीला आशीर्वाद देताहेत.

"एक ठोका मागे पडतो," ते म्हणाले. "बाकी अंग चांगलं आहे."

भूपतभाई हसले. मेकॅनिकने तिन्ही प्लग काढले. त्यांतला एक काळाकुट्ट निघाला. भूपतभाईंनी नवीन प्लग स्वतःच्या खर्चाने घातला आणि आबांना, लूम सोडून इथे येता का, असं विचारलं. आबांना ते ऐकू आलं नाही किंवा आलं असेल.

गाडी ठरली. आता नाव.

विम्याचं काम करणाऱ्या वर्षाताई आमच्याच गल्लीत राहतात. मूळच्या अमळनेरच्या. त्या घरी आल्या, मायने पोहे केले, फ्रिजवरून रेडियमची गुंडाळी खाली काढून त्यांना दाखवली. वर्षाताईंनी ती उलगडली, वाचली आणि पुन्हा गुंडाळली.

"गाडी कोणाच्या नावावर घेताय?"

"ललितच्या," तिघं एकदम म्हणाले. मी पोहे खात होते.

"पत्रात..." मी सुरुवात केली.

"ते पत्र बघू नंतर," आबा म्हणाले. हे मात्र त्यांना ऐकू आलं.

वर्षाताईंनी फोनवर फॉर्म उघडला. आधी त्यांनी भूपतभाईंच्या बोनसचा निकाल लावला: तो बोनस जुन्या मालकाचा, गाडीचा नाही, तो मालकाबरोबरच गेला. मग म्हणाल्या, "ललित, लायसनचा नंबर सांग."

ललितने खिशातून लायसन काढलं. वर्षाताईंनी दोन्ही बाजूंनी बघितलं.

"हे बाईकचं आहे."

"लायसन तर आहे ना!"

"बाईकचा विमा काढायचा असेल तर काढते."

पालच्या आरटीओ ट्रॅकवर ललित गाडीच्या परीक्षेला तीनदा नापास झाला आहे. तिन्ही वेळा रिव्हर्समध्ये. त्याचं म्हणणं, ट्रॅकच वाकडा आहे. मी पहिल्या वेळेला पास झाले. आमच्या घरात हा विषय सहसा काढत नाहीत.

"मग माझ्या नावावर करा," आबा म्हणाले.

"आबा, तुमचं लायसन?"

"मला लूम चालवता येतो."

"सरलाकाकू?"

"माय वं!" माय म्हणाली आणि पोहे वाढायला उठली.

"पॉलिसी निघेल तशीही," वर्षाताई म्हणाल्या. "पण मालकाकडे गाडीचं लायसन नसेल तर मालकाचा अपघात विमा मिळत नाही. पंधरा लाखांचा."

आबांचा उजवा कान पुढे आला. "किती?"

"पंधरा लाख."

"लायसनवाल्याच्या नावावर घेतली तर पंधरा लाख मिळतात?"

"मेल्यावर, आबा."

मी बघत होते. तीन माणसं माझ्याकडे एका नव्या नजरेने बघत होती. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच माझी किंमत एका आकड्यात मांडली गेली होती, आणि ती गाडीच्या पाचपट निघाली.

"मेल्यावर कोना हातमा येतंस?" मायने हळूच विचारलं. मग माझ्याकडे बघून, "देव न करो. मी फक्त विचारतेय."

"नॉमिनीच्या. फॉर्ममध्ये नाव लिहावं लागतं."

आता मी ताटली खाली ठेवली. प्रयोगात एक क्षण असा येतो की अजून एकच थेंब टाकायचा असतो, आणि तो हळू टाकायचा असतो.

"भाऊचं लिहा," मी म्हणाले. "गाडी माझ्या नावावर, नॉमिनी भाऊ."

ललितने विचार केला. विचार करताना त्याचे ओठ हलतात. "म्हणजे कागदावर माझं नाव येणार?"

"पूर्ण नाव. जन्मतारखेसकट."

"छापील?"

"छापील," वर्षाताई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींनाही हसू आलं असतं.

ललितने होकार दिला. आबांनी मान हलवली. मायने एकच अट घातली: रेडियम काचेवर लागणार. त्याचे पैसे दिले आहेत. मी मागची काच मोजली. अगदी खालच्या कडेला लावलं तर आरशात फक्त अक्षरांचं वरचं टोक येत होतं. मी हो म्हणाले.

आरसी बारा दिवसांत माझ्या नावावर झाली. तोवर महिना संपायला दोन दिवस उरले होते, आणि त्यांतला एक रविवार होता. कामरेजचा.

गाडी मी चालवली. शेजारी आबा, मागे माय, पेढे आणि ललित. त्याने सेंट इतकं मारलं होतं की मला काचा उघड्या ठेवाव्या लागल्या. रघुनाथअण्णांच्या घरासमोर जागा अरुंद होती. मी रिव्हर्स घेऊन एका दमात गाडी लावली. ओट्यावर स्वाती उभी होती. तिने हे सगळं बघितलं, आणि ललित मागच्या दारातून उतरला तेही.

चहा झाला. रघुनाथअण्णांनी बायोडाटा समोर ठेवला होता. स्वाती एका कारखान्यात हिशेब बघते. ती थेट विचारणारी मुलगी होती.

"यात स्वतःची चारचाकी लिहिलंय. ती बाहेरची?"

"हो," माय म्हणाली. "नाव बी टाकेल शे काचवर."

"वाचलं." स्वाती ललितकडे वळली. "मग तुम्ही मागे का बसला होता? गाडी तुम्ही नाही चालवत?"

ललितने आबांकडे बघितलं. आबा छताकडे बघत होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पेढा खात होते. मग त्याने छाती पुढे काढली.

"मी नॉमिनी आहे," तो म्हणाला.

रघुनाथअण्णांचा कप बशीवर वाजला. स्वाती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. ललितही हसला. का, ते त्याला कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तो खोटं बोलला नव्हता, आणि बायोडाटात तरी अशी खरी ओळ क्वचितच असते.

"लायसन आलं की कळवा," स्वाती म्हणाली. "मग बघू."

माय परतीच्या वाटेवर तिच्या उद्धटपणाबद्दल वराछापर्यंत बोलली. त्यानंतर म्हणाली, पोरगी हुशार आहे. डिंडोलीला उतरल्यावर ललित म्हणाला, "धनू, रिव्हर्समध्ये आधी कुठे बघायचं?"

"आरशात. स्वतःकडे नाही."

एक तारखेला सकाळी साडेआठला मी इच्छापोरला प्रयोगशाळेच्या टेबलावर तिन्ही कागद ठेवले. कारकुनाने आरसीवरचं नाव माझ्या ओळखपत्राशी ताडून बघितलं, अक्षर अक्षर. मग परवाना. मग विमा. मग गाडी बघायला बाहेर आला. मागे जाऊन उभा राहिला.

"ललित कोण?"

"माझा भाऊ."

"गाडी तुमची आणि नाव त्याचं?"

"आरसीवर माझं आहे," मी म्हणाले. "तो अजून चौथ्यांदा परीक्षेला बसायचाय."

त्याने हजेरीपटावर माझ्या नावापुढे टिक केली आणि बर्फाची पेटी माझ्या हातात दिली. पेटी मागच्या सीटवर ठेवून मी पट्टा शेवटपर्यंत ओढला, तिच्याभोवती घेतला आणि लावला.