पोरीचा साग

"गिरमिट लावशील तर बघ! हात मोडून ठेवीन," म्या त्या कॉलेजातल्या पोरीला दटावलं.

अर्पिता नाव तिचं. सागाच्या लाकडाचा अभ्यास करायची. कुठल्या झाडाचं लाकूड सरळ अन् कणखर निघतं, अन् तो गुण कुठल्या जनुकातून पुढच्या पिढीत उतरतो, ते धुंडत ती वाशी तालुक्यातल्या आमच्या रानात आलेली. बांधावरच्या सागाच्या पोटातून तिला गिरमिटानं भोक पाडून पेन्सिलीएवढी कांडी काढायची होती.

त्या सागाखाली माझी पोर पुरलीय. बारशाआधीच गेली. वरच्या मातीत म्या रोप लावलं, कळशीनं पाणी घालून वाढवलं. तिथं कुणी साधा खिळासुद्धा ठोकत न्हाय. अन् ही भोक पाडायला निघाली!

"मावशी, झाडाला काही होत नाही," अर्पिता म्हणाली. "याची रोपं आहेत आमच्याकडं. मागं काकांनीच बिया दिल्या होत्या."

मी मागं उभ्या मालकांकडं, पोरीच्या बापाकडं वळले. "मला न विचारता?"

"तू दिल्या नसत्यास," ते खाली बघत म्हणाले.

"न्हाईच दिल्या असत्या! माझ्या पोरीची लेकरं परस्पर वाटून टाकता? जीभ झडली होती का तुमची?" मला रडूच फुटलं. राग लई आला होता.

अर्पितानं गिरमिट खाली ठेवलं. म्हणाली, "ती रोपं माझ्याहून उंच झालीत, मावशी. पण याचं लाकूड बघितल्याशिवाय त्यांनी काय उचललं ते कळायचं नाही."

"जगली व्हय?"

"बरीच जगली."

म्या पदरानं डोळे पुसले. खोडाला मिठी मारून उभी राहिले. "घाल. पण दमानं."

गिरमिट फिरायला लागलं. गालाला थरथर कळत होती. मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्या झटकला न्हाय.

कांडी निघाली, कडेला फिकट, आत तपकिरी. अर्पितानं ती नळीत घातली अन् पेन काढला. "आम्ही यावर आकडा टाकतो."

"आकडा कशाला? भुवनेश्वरी लिही."

मालकांनी चमकून बघितलं. पोर पोटात होती तवाच ठरवलेलं नाव. म्या कुणालाच सांगितलं नव्हतं. हाक तरी कुणाला मारायची होती?

ते सागाजवळ गेले. "भुवनेश्वरी," म्हणाले, अन् तिथंच मातीत बसून लहान पोरागत रडायला लागले.