मधला थर सुटा होता

मी बर्फाचा फावडा बोलतोय. बोलायची हौस नाही. गावच्या सभागृहात खुंटीला लटकून होतो, पण येणारा-जाणारा माझ्याखालची पाटी वाचतो आणि चुकचुकतो. पाटीवर लिहिलंय, ‘ऐन वेळी मोडलेला फावडा’. म्हणून तोंड उघडावं लागलं.

जपानात, अकिताच्या डोंगरात, शिकारी इसाबुरोने मला बीच नावाच्या झाडाच्या एकाच फळीतून कोरलं. जोड नाही, खिळा नाही. चढताना मी काठी, नेम धरताना बंदुकीला टेका. पण खरं काम बर्फ तपासायचं. उतारावर पाय ठेवण्याआधी तो माझ्याकडून कमरेइतका खड्डा खणून घ्यायचा. असे तीस हिवाळे गेले.

त्या मार्चात इसाबुरो आणि टोळीचा म्होरक्या धरून सहा जण अस्वलाच्या मागावर होते. मी खणलं. वर हातभर ताजा बर्फ, खाली कडक पापुद्रा, आणि मधे रव्यासारखा सुटा थर. त्याची मूठ वळेना.

इसाबुरो म्हणाला, “दादा, मधला थर सुटा आहे. वरचा बर्फ घसरेल. डोंगराच्या धारेवरून वळसा घालू.”

“वळसा घालेपर्यंत अस्वल म्हातारं होईल,” म्होरक्या म्हणाला. “तुझ्यासारखं.”

बाकीचे फिदीफिदी हसले. आमच्यात डोंगरावर म्होरक्याचा शब्द खोडत नाहीत. भांडायचं ते खाली उतरून. इसाबुरो मला उचलून उताराकडे वळला. त्याचाही मला राग आहे.

पुढे त्यालाच धाडलं. तो मधोमध पोचला आणि अख्खा उतार सरकला.

माझा दांडा वर राहिला, म्हणून तो गाडला गेला ती जागा तरी सापडली. म्होरक्याने मला उपसलं आणि गोठलेल्या ढेकळाखाली घालून दांड्यावर उभा राहिला. अरे, मी खणायला आहे, उचकटायला नाही. मोडलो. बाकी चौघांचे फावडे चालूच होते. इसाबुरो निघाला तेव्हा त्याच्या तोंडात बर्फ घट्ट बसला होता.

गावात म्होरक्या इसाबुरोच्या बायकोला, तोमेला, म्हणाला, “वहिनी, फावडा मोडला. नाहीतर वाचला असता.”

खड्ड्याबद्दल अवाक्षर नाही. चौघेही खाली मान घालून उभे.

तोमेने माझे दोन्ही तुकडे इथे आणून टाकले. “घरात नको,” म्हणाली. नवऱ्याने केलेला फावडाच त्याला नडला, असं ती अजून समजते.

पाटी राहू द्या हवी तर. पण कोणीतरी तिला सांगा, मी काय उकरून दाखवलं होतं. खरं तर ते त्याने सांगायचं, जो दर नव्या वर्षाला इथे साके, तांदळाची दारू, प्यायला येतो आणि माझ्याकडे पाठ करून बसतो. आधी तिची माफी मागायची, मग माझी. त्या म्होरक्याचं नाव कुदो तोराकिची.