दोनदा टकटक

अठ्ठ्याऐंशी साली यमुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. त्या हाताच्या बोटाने ती खाटेच्या कडेवर टकटक करी.

मुंबईला कॉम्प्युटर कंपनीत असलेली आमची लेक मालन रजा घेऊन रत्नागिरीला आली, पण काम बरोबर घेऊनच. सोमवारी ते टपालात पडायला हवं होतं. माझं अक्षर बरं, म्हणून पक्की प्रत तिने मला करायला दिली.

"कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला आत कार्ड बसवतात, आप्पा," सकाळी पडवीत तिने मला समजावलं. "प्रत्येक कंपनीचं कार्ड वेगळं, त्याचे हुकूमही वेगळे. मी सगळ्यांसाठी एकच यादी करतेय. चालू हो, थांब, पत्ता सांग."

प्रत्येक हुकमापुढे उत्तर लिहिलेलं होतं : झालं.

नवव्या हुकमाशी माझं पेन अडलं. विचारावं की नको? जन्मभर वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घातलेला माणूस मी, मला यातलं काय कळणार! तरी विचारलं.

"एखाद्या कार्डाला हुकूम कळलाच नाही तर?"

"गप्प बसेल."

"आणि विचारणारा?"

"तो वाट बघत..." मालन थांबली. "आप्पा, हे सकाळीच का नाही बोललात?"

"म्हटलं, माझंच काही चुकत असेल."

तेवढ्यात यमुनेचं सगळं करणारी सोनूबाई दारात आली. "बाय आज पन टकटक करीत नाय ओ. दोन दिस झालं."

"सोनूबाई, दोनदा टकटक म्हणजे काय?" मालनने विचारलं.

"कूस बदला."

"मी तर पाणी देते! आप्पा, तुम्ही?"

"खिडकी लावतो," मी म्हणालो.

"वा! तिघांची तीन राज्यं," सोनूबाई म्हणाली.

मला परवाची दुपार आठवली. यमुनेने दोनदा टकटक केली. मला काही कळलं नव्हतं. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून "हो, हो" करत खिडकी लावून मी बाहेर आलो होतो.

मी आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"यमुने, परवा मला कळलं नव्हतं. उगाच हो म्हटलं. आता विचारतो. हो असेल तर एकदा वाजव."

तिने मान वळवली.

पाणी? नाही. कूस? नाही. खिडकी? तिने डोळे मिटून घेतले. माझे प्रश्न संपले. नेहमीसारखा मी उभाच होतो, एक पाय दाराकडे.

"बसू का इथे?"

बोट एकदा वाजलं.

मी खाटेवर बसलो आणि तिचा हात हातात घेतला. पडवीत मालन प्रत्येक हुकमापुढे 'कळलं नाही' हे उत्तर वाढवत होती. पक्की प्रत शेवटी तिनेच केली, तिच्या त्या तिरक्या अक्षरात. मला काही उठवेना.