बरणीवरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. माझा जन्म इटलीतला. एका म्हाताऱ्या औषधवाल्याच्या फळीवर मी साखर सांभाळत असे. माझ्या पोटावर निळ्या लॅटिन अक्षरांत 'साक्कारुम' लिहिलेलं आहे. शेजारणीवर 'मेल' होतं, म्हणजे मध. दुसऱ्या महायुद्धात तोफेच्या गोळ्याने ते दुकान कोसळलं. मराठा पलटणीतल्या नाथाजीने म्हाताऱ्याला ढिगाऱ्यातून ओढून काढलं, आणि दुकानातली एकटी मीच धड उरले होते, म्हणून म्हाताऱ्याने मलाच त्याच्या हातात ठेवलं.

नाथाजीने मला कांबळ्यात गुंडाळून इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी आणलं. तिथे माझं नशीब फिरलं. त्या घरात भांड्यावर नाव असे ते माणसाचंच. मामाने आहेर केलेल्या घागरीवर मामाचं, रुखवताच्या तांब्यावर नाथाजीच्या बायकोचं, मनुबाईचं.

"ही कोन बया?" मनुबाईने मला उलटंपालटं करत विचारलं.

"अगं, साखरंची बरणी हाय. म्हाताऱ्यानं दिली."

"साखरंचं नाव कोन घालतंय भांड्यावर? म्हाताऱ्याला लेक आसंल!"

नाथाजी गप्प बसला. तिथेच घात झाला. मनुबाईने अबोला धरला, माझी रवानगी गोठ्यात केली आणि गुऱ्हाळ आवरलं की कायमची माहेरी जाणार, असं सासूला सांगून टाकलं. धार काढताना ती माझ्याकडे अशी रोखून बघे, की माझ्या पोटात खरंच कुणी लपलंय की काय, असं मलाही वाटू लागलं.

गुऱ्हाळावर शेतकी खात्याचे साहेब ऊस बघायला आले. नवऱ्याने खाणाखुणा करू नयेत म्हणून मनुबाईने त्याला मुद्दाम फडात पिटाळलं आणि मला पुढे केलं.

"सायेब, ह्ये कुनाचं नाव? खरं सांगा."

"साखरेचं, बाई. शास्त्रात तुमच्या उसालाही हेच नाव आहे. शब्द मूळचा आपलाच, शर्करा. व्यापाऱ्यांबरोबर ग्रीकांकडे गेला, तिथून लॅटिनात."

"म्हंजी हितलीच म्हना की!" तिने मला पदराने पुसलं आणि माझ्यात निवलेली काकवी भरली. मला केवढा आनंद झाला! पण नाथाजी मोळी घेऊन येताच तिने पुन्हा विचारलंच, "आवं, पर त्याला लेक हुती का न्हाई?"

"हुती," नाथाजी म्हणाला. "त्याच ढिगाऱ्यात. ती जिती निघाली न्हाई."

मनुबाईने मला उचलून घरात नेलं आणि माहेरी जाण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मित्रांनो, आता माझं झाकण हरवलंय आणि माझ्यात गुंड्या ठेवतात. मला टाकून देऊ नका. कुणाचा संशय आला, तर त्याच्या गप्प बसण्याचं कारण आधी विचारा. मनुबाई होती तोवर दर गुऱ्हाळाला पहिली काकवी त्या लेकीची म्हणून माझ्यात पडे. तिचं नाव मात्र नाथाजीलाही ठाऊक नव्हतं.